लेबलावरची मांडवी

बाई, काल सकाळी मी समुद्रगायीच्या कवटीवरचं लेबल काढलं. काढलं म्हणजे अक्षरशः खरवडलं. तेव्हाचा डिंक असा काही चिवट होता की माझं एक नख गेलं तरी कागद सुटेना. शेवटी कोमट पाण्याची पट्टी ठेवली तेव्हा कुठे मेला निघाला. तुमची ती खोली अजून तशीच आहे. आपल्या रत्नागिरीच्या कॉलेजच्या मागच्या अंगाला, जिना संपतो तिथे, सहा कपाटं आणि त्यांतल्या बरण्या. तुम्ही प्राणिशास्त्र शिकवायचात, मी तुमच्याकडे शिकले, आणि आता तुमच्याच टेबलावर बसून मीच शिकवते. लेबल माझ्या अक्षरातलं होतं. समुद्रगाय, नर, कवटी, मांडवी. चारच शब्द. त्यांतल्या शेवटच्या शब्दापायी तुमचं नाव पणाला लागलं होतं, आणि तुम्ही जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली तरी ही गोष्ट तुम्हाला सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलेय.

तुमचं नाव म्हणजे काय होतं ते आजच्या मुलांना सांगून पटत नाही. न बघितलेलं लिहायचं नाही, हे तुमचं एकच तुणतुणं. कुणी काही विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं: "वहीत आहे, जा वाच." ती लाल कापडी पाठीची नोंदवही. कुठला प्राणी, कुणी दिला, कुठून आला, कसा मेला, सगळं तुमच्या त्या उभ्या, टोकदार अक्षरात. तुम्ही रागवायचात तेही असं की एकदाच रागवलात ते मला जन्मभर पुरलं. दुसऱ्या वर्षाला होते मी. आपल्याकडच्या दमट हवेत कागदाला कसर लागते तशी संग्रहालयाच्या जुन्या लेबलांना लागली होती, आणि ती सगळी नव्यानं लिहायची होती. वर्गात माझं अक्षर बरं म्हणून तुम्ही मला धरलंत. पाकट माशाच्या एका पिल्लाच्या बरणीवर मी वहीत नसलेला एक शब्द पदरचा घातला: दुर्मिळ. म्हटलं, जरा वजन येईल. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "काय गो, दुर्मिळ कुणी ठरवलं? तू? किती समुद्र बघितलास तू?" मी म्हटलं, बाई, मी मांडवीची, समुद्रावरच राहते. "मग तर जास्तच लाज वाटायला हवी. चल."

आणि भर तासातून उठवून, रिक्षात घालून मला थेट मिरकरवाड्याच्या जेटीवर नेलंत. मासळीची पाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या एका बाईसमोर उभं केलंत आणि म्हणालात, "ही पोर म्हणते पाकटाचं पिल्लू दुर्मिळ असतं." ती एवढी हसली की डोक्यावरचा पदर खाली आला. "दुर्मिळ? अगो बाय माझे, कालच माझ्या घोवानं पाटीभर फेकून दिलान!" आजूबाजूच्या साऱ्याजणी हसायला लागल्या. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला. परत येऊन कॉलेजच्या गेटाशी उतरलो तेव्हा पिशवीतून स्वतःचं भिंग काढलंत आणि माझ्या हातात ठेवलंत. "हे तुला. शब्द घालायच्या आधी बघत जा." त्या दिवसापासून तुम्ही माझी लेबलं तपासायचं सोडलंत. बाकीच्यांची दोनदोनदा तपासायचात. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणायचात, "तिला एकदा लागलंय, आता नाही चुकायची ती."

समुद्रगायीवर मात्र तुमचा जीव होता. ती कवटी टेबलावर मांडायचात आणि पुस्तकं मिटायला लावायचात. मग प्रश्न. हाड एवढं जड का? आम्ही आपले काहीबाही ठोकून द्यायचो. तुम्ही वाट बघायचात, अर्धा अर्धा तास, आणि आमच्यातलं कुणीतरी म्हणायचं, बाई, तिला खाली बुडून राहायचं असेल म्हणून. मग तुमचा चेहरा असा खुलायचा! तोंड असं खाली का वाकलंय? कारण तिचं ताट जमिनीवर आहे. समुद्राच्या तळाला गवत असतं, शेवाळ नव्हे, खरंखुरं गवत, मुळं असलेलं, पाण्यातच फुलणारं, ही गोष्ट मला तुमच्याकडून कळली. मी समुद्रावर वाढलेली, पण समुद्रात कुरण असतं हे मला ठाऊक नव्हतं. एकदा मी त्या पाण्यातल्या गायीला मासा म्हटलं तर केवढ्या उसळलात. "मासा कसला? तुझ्यामाझ्यासारखी हवा घेते, पिल्लाला दूध पाजते. आणि गायसुद्धा नव्हे हो ती. नाव गायीचं पडलंय, नातं हत्तीशी आहे."

तुमच्या स्वयंपाकघरातली ती दुपार तर मला लख्ख दिसते. वरच्या आळीतलं तुमचं दोन खोल्यांचं घर, मोरीशेजारी ओटा, आणि तुम्ही लाल माठाची जुडी धुताय. मी वही पोचवायला आलेय आणि तुम्ही मला जेवूनच जा म्हणून बसवलंय. जुडी मुळांकडून धरून तुम्ही पाण्यात जोरात हलवता, माती खाली बसते, आणि तुमचा हात मध्येच थांबतो. "हे बघ. गाय वरवर चरते. समुद्रगाय मुळासकट उपटते, माती अशी झटकते आणि मग खाते. ती चरून गेली की तळाला वाट उमटते, वीतभर रुंद. त्या वाटेवर पुन्हा कोवळं गवत येतं, तेव्हा ती परत येते. तिच्यामुळे कुरण ताजं राहतं, कळलं?" ओल्या हातानं तुम्ही हवेत वाट काढून दाखवता. पुढे म्हणता, बारा-चौदा महिने पोटात वाढवते, एका वेळी एकच पिल्लू, दीड वर्ष त्याला दूध पाजते, मग पुन्हा काही वर्षं नाही. "असल्या प्राण्यातलं एक जाळ्यात गुदमरून मेलं की ती जागा भरून यायला किती काळ लागेल, हिशेब कर." हिशेब करता करता माझा भात निवला. तुम्ही स्वतः समुद्रगाय जिवंत कधीच बघितली नव्हतीत. कवटीवरून आणि चार पुस्तकांवरून तुम्ही ती अशी सांगायचात की मला वाटायचं, बाई हिच्या शेजारीच राहून आल्यात.

त्याच वर्षी तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून तुम्ही खोलीत येऊन बसायचात आणि मी लेबलं लिहायचे. समुद्रगायीचं लेबल तेव्हाचं. पुढच्या मे महिन्यात तुम्ही गेलात. नंतर मी शिकून त्याच कॉलेजात लागले, कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या, वहीही आली.

काही वर्षं त्या कवटीकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. मग एकदा आम्ही गावातल्या लोकांसाठी संग्रहालय उघडं ठेवलं, आणि माझ्याच आळीतल्या एका गृहस्थांनी लेबल मोठ्यानं वाचलं. "अरेच्चा! ही तर आपल्या मांडवीची!" झालं. पेपरात बातमी आली, मांडवीची समुद्रगाय. एका रिक्षाच्या पाठीवर ती अवतरली, क्रिकेटच्या एका टीमनं तिचं नाव घेतलं, किनाऱ्यालगतच्या भिंतीवर तिचं हे एवढं चित्र आलं, गालावर लाली वगैरे. मला विचारलं की मी म्हणायचे, लेबलावर आहे तसं आहे. लोकांना वाटायचं मी विनयानं बोलतेय. आणि गेल्या वर्षी किनारा सुशोभित करणाऱ्या समितीनं ठरवलं की तिचा पुतळा बसवायचा आणि खाली दगडात कोरायचं: या किनाऱ्यावरील समुद्रगायीची पहिली नोंद. त्याखाली, बाई, तुमचं नाव. समितीचे अध्यक्ष मजकूर घेऊन घरी आले, मी चहा केला, आणि मजकूर दोनदा वाचला. आपल्या किनाऱ्यावर लाटा, पावसाळ्यात गढूळ पाणी. खाडीत कुठे कुठे बोटभर गवत मिळतं, पण समुद्रगायीचा संसार चालेल असं कुरण नाही. हे तुम्हीच शिकवलेलं. तरी मी म्हटलं, बघते आणि कळवते. बघते कसलं, दोन महिने गप्प बसले.

मग ती मुलगी आली. कच्छची, तिशीच्या आतबाहेरची, समुद्रगायींवर काम करणारी. बातमी वाचून आली होती. आली ती कपाटासमोर फरशीवरच बसली. दोन तास. कवटीच्या सुळ्यावर बोट फिरवत स्वतःशीच हसत होती. तुम्ही असतात तर तिला तिथल्या तिथे दत्तक घेतलं असतंत. ती एक नकाशा करत होती, आपल्या देशात समुद्रगाय पूर्वी कुठे कुठे होती त्याचा. जिथे ठिपका पडेल तिथे पाणबुडे घेऊन जायचं, गवत शोधायचं, चरल्याच्या वाटा शोधायच्या. रत्नागिरीसाठी तिनं दोन हंगाम राखून ठेवले होते. माणसं तीच, बोट तीच. इथे आली की तेवढे दिवस कच्छच्या आखाताकडे कुणी नाही. सगळं सांगून झालं आणि मग सहज, स्वतःची वही उघडत, तिनं विचारलं, "मॅडम, कौनसा मांडवी?"

मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. तिच्याकडेही एक मांडवी आहे ना! कच्छची मांडवी, जुनं बंदर, जहाजं बांधणारं. मी म्हटलं, इथलीच असेल, हे काय समोर. ती म्हणाली, मूळ नोंद बघायला मिळेल का? मी म्हटलं, वही शोधावी लागेल, उद्या या. वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती, बाई. माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि वहीचं नावही काढलं नाही. म्हणाली, तुम्हाला काही दाखवायचंय. फोनवर व्हिडिओ लावला. जाळ्यात समुद्रगाय अडकलीय, बोटीवर तीन-चार माणसं आरडाओरडा करतायत, आणि एक म्हातारा पाण्यात उडी टाकून सुरीनं जाळं कापतोय. स्वतःचं जाळं, हं. चांगलं नवं. ती करडी पाठ, तो मिशाळ, जाडसर ओठ, आणि पाण्यावर आलेलं नाक. फूऽऽ असा श्वास सोडला तिनं. बाई, मी रडले. त्या परक्या मुलीसमोर, भर स्टाफरूममध्ये. तुम्ही जन्मभर जिच्यापायी हाडं झिजवलीत ती मला श्वास घेताना दिसत होती आणि तुम्ही बघायला नव्हतात. जाळं सुटलं, ती वळली, आणि तिच्या पोटाखालून एक पिल्लू निघालं. आईला चिकटून गेलं. "असं जाळं कापायला तिथल्या लोकांना तयार करायला आम्हाला वर्षं लागली, मॅडम," ती मुलगी हिंदीत म्हणाली. "आता ते स्वतः फोन करतात, आली म्हणून सांगतात. फार थोड्या उरल्यात हो. एक दिवससुद्धा चुकीच्या जागी घालवायला नको वाटतो."

मी ड्रॉवर उघडला. वही काढली, पान उघडलं, तिच्यापुढे ठेवलं. तुमच्या वहीतला स्थळाचा रकाना अरुंद. एका ओळीत 'मांडवी बंदर,' आणि तिच्याखालच्या ओळीत 'कच्छ'. पुढे: गलबतावरच्या तांडेलानं आणून दिली, तिकडे जाळ्यात सापडून मेलेली. सारं काही लिहून ठेवलं होतंत तुम्ही. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खळखळून हसली. "मॅडम, ये तो हमारी है!" मला वाटलं होतं ती चिडेल. ती पोर खुश झाली! तिच्या आखातातली एवढी जुनी, एवढी नेमकी नोंद तिला मिळाली होती. तुमच्या अक्षराचा तिनं फोटो काढला आणि म्हणाली, अशी माणसं आता कुठे मिळतात. दोन हंगाम ती आता आखातातच राहील. रत्नागिरीचा ठिपका पडलाच नाही.

गावाला सांगायचं बाकी होतं. समितीची सभा मांडवीच्या शाळेत भरली. मी वही घेऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं: आपली समुद्रगाय आपली नाही. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे काय बाई? आता आम्ही कच्छची गाय रत्नागिरीत बांधायची काय?" एकच हशा. वही हातोहात फिरली. "रकाना अरुंद म्हणून गंमत झाली," कुणी म्हणालं. "आणि रत्नागिरीकराला मांडवी म्हटली की एकच मांडवी. पुढची ओळ कोण वाचतोय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही म्हटलं, हो ना, मी मांडवीची, पेन आपोआप थांबलं असणार. एका म्हाताऱ्या खलाशानं तर उठून मला सांभाळून घेतलं. "मी दोन्ही मांडव्या बघितल्यात. आमच्या बोटीवर पण हाच घोळ व्हायचा. जुन्या बाईंच्या वहीत बरोबर हाय ना? मग बाई सुटल्या. विषय संपला." टाळ्या पडल्या, बाई, तुमच्या नावानं. दगडावरचं नाव गेलं, पण तुमचं एक अक्षर चुकीचं नव्हतं हे अख्ख्या सभेनं वाचलं. भिंतीवरच्या चित्राखाली रंगाऱ्यानं लिहून टाकलंय: पाहुणी, कच्छहून आलेली. पोरं तिच्यापाशी फोटो काढतात आणि विचारतात, कच्छ कुठे आलं? मास्तर नकाशा दाखवतात, तिथलं गवत सांगतात, जाळं कापणारा म्हातारा सांगतात. पुतळ्यापेक्षा हे बरं झालं असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यांनी मला माफ केलं. हसत हसत, चहा पाजून. घरी येताना एकीनं माझा दंड धरून म्हटलं, "जाऊ दे गो, चूक माणसाचीच होते." मी हो म्हटलं. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही आणि ते टाकायला पेटीही नाही. पण तुमच्याशी तरी खोटं नको.

त्या दिवशी तुम्ही समोर काळा चष्मा लावून बसला होतात. मी दोन्ही ओळी वाचल्या. भिंगानं वाचल्या. आमच्या मांडवीचं तुमच्या त्या सहा कपाटांत काहीच नव्हतं, पाकटाच्या हशाखेरीज. मांडवी लिहिलं आणि पेन उचललं. कार्डावर जागा होती, अजून चार शब्द मावले असते. तुम्ही विचारलंत, "झालं?"

मी म्हटलं, "झालं, बाई."